अडवलेली कळ

बायको जाऊन बावीस दिवस झाले होते, तेव्हा बॉयलरवाल्याला चौकशीचं पत्र आलं. मंगळवारी सकाळी अकरा वाजता कार्यालयात नीटनेटक्या पोशाखात हजर राहावे. नीटनेटका पोशाख म्हणजे काय ते त्याला कळलं नाही. त्याच्याकडे दोनच तऱ्हेचे कपडे होते, तेलाचे डाग पडलेले आणि अजून न पडलेले.

सासूनं त्याच्याकडून ते पत्र दोनदा वाचून घेतलं. तिच्या मांडीवर बाळ होतं आणि बाळाच्या तोंडात दुधाची बाटली.

“मग सांगा की नीट,” ती म्हणाली. “त्या नर्सनं माझ्या पोरीला धरून ठेवलं, आलेली कळ अडवली, असं सांगा. तुम्ही मुळातच तोंडात मिठाची गुळणी धरून बसणारे, जावई. पण आता बोला. गेलेली बायको तुमची आहे.”

“हो, आई.”

“हो नको मला. तिथं बोला.”

तक्रार सासूचीच होती. लेकीला शेवटची आंघोळ तिनंच घातली, आणि घालताना तिला दोन्ही गुडघ्यांवर बोटं उमटलेली दिसली. काळीनिळी. ती रडायची थांबली आणि मोजायला लागली. बाहेरच्या अंगाला चार आणि चार, वरच्या अंगाला दोन अंगठे. पंधरा दिवस ती काही बोलली नाही. सोळाव्या दिवशी बाळाला शेजारणीकडे ठेवून ती हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांच्या दारात जाऊन बसली. “मला पाच पोरं झाली,” ती त्यांना म्हणाली. “कळ आली की बाई ढकलते. ते तिला कुणी शिकवत नाही. पोटातूनच येतं ते, शिंक येते तसं. माझ्या पोरीची कळ कुणी दाबून धरली ते मला कागदावर लिहून द्या, मग मी इथनं उठते.”

ती बोटं बॉयलरवाल्याची होती.

हे घरात त्याला एकट्याला माहीत होतं, आणि हॉस्पिटलात लेबर रूमच्या मोठ्या सिस्टरला आणि त्या वेळी खोलीत असलेल्यांना. त्यानं सासूला सांगितलं असतं तर ती त्या घरात तासभर थांबली नसती, आणि गेली असती ती नातीला घेऊनच. पोरीला सांभाळणारं दुसरं कुणी नव्हतं. त्याची ड्यूटी पहाटे पाचला लागायची. आणि नाही सांगितलं तर सिस्टर जाणार होती, एकतीस वर्षांची नोकरी बुडवून. यापलीकडे त्यात काही गुंता नव्हता, आणि तेवढ्यानंच त्याची झोप उडाली होती.

माणूस तसा नाकासमोर चालणारा. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर मागच्या अंगाला धुलाई होती. चादरी, गाऊन, ऑपरेशनची हिरवी कापडं, सगळं तिथं उकळून निघायचं. त्याला लागणारी वाफ तो बॉयलरवर तयार करायचा. सतरा वर्षं तो पाण्याची पातळी बघत होता, दाबाचा काटा बघत होता आणि दर तासाला वहीत आकडा लिहीत होता. सांगितलेलं करायचं, न सांगितलेलं करायचं नाही. एकदाच तो अडला होता. पाहुणे येणार म्हणून कुठल्यातरी साहेबानं फर्मावलं, तो सेफ्टी व्हॉल्व्ह सारखा फुसफुसतो, त्यावर आज काहीतरी वजन ठेव. “आधी मला घरी पाठवा, मग काय ठेवायचं ते ठेवा,” असं तो म्हणाला होता. धुलाईतली माणसं ती गोष्ट वर्षभर एकमेकांना सांगत होती. त्यानं एका दमात एवढे शब्द बोललेले कुणीच ऐकले नव्हते.

बायको त्याच धुलाईतली. फाटक्या चादरी शिवायला होती. खिडकीशी तिचं मशीन, आणि तोंड मशीनपेक्षा जोरात चालायचं. जिभेमुळे तिला सगळे टाचणी म्हणत. लग्नाआधी दोन वर्षं ती बॉयलरच्या खोलीत डोकावून ओरडायची, “ओ वाफवाले, जिवंत आहात ना? तुमच्या तोंडावर काटाच नाही, कळायचं कसं?” लग्नानंतर अहोचं अरे झालं. सासूला ते खपत नसे.

“नवऱ्याला अरेतुरे करतेस, लाज नाही वाटत?”

“आई, मी अहो म्हटलं की तो मागं वळून बघतो, आणखी कोण आलंय म्हणून.”

त्यालाही ती सोडत नसे. “तुला कुणी बस म्हटलं ना,” ती म्हणायची, “तर तू खाली खुर्ची आहे का नाही तेसुद्धा बघणार नाहीस.” तो हसायचा. खोटं थोडंच होतं ते?

मागच्या वर्षी लेबर रूममध्ये एक पाटी लागली. डॉक्टर हजर नसताना प्रसूती करू नये, लाल अक्षरात. त्याआधी निम्म्या बायका मोठी सिस्टर स्वतःच मोकळ्या करायची. मग एका बाळंतपणात काहीतरी बिघडलं, कुणीतरी वर लिहिलं, वरून पाटी आली. टाचणी चादरी आणायला वर गेली होती, ती वाचूनच खाली आली. “भिंतीवर लावून काय उपयोग? आतल्या बाजूनं लावा म्हणावं, बाळाला दिसेल अशी. त्याला वाचता येत असलं तर थांबेल बिचारं.” धुलाई खो खो हसली. तोही हसला. तेव्हा तिला चौथा महिना होता.

ती बाळंत झाली त्या दिवशी हॉस्पिटलात बाहेरची मंडळी तपासणीला आली होती. झाडून सगळे डॉक्टर त्यांच्या मागं. टाचणीला पहाटेच कळा सुरू झाल्या होत्या. सकाळी डॉक्टरीणबाई येऊन गेल्या, सलाईनमधून कळा वाढवायचं औषध लावून गेल्या. दुपारी पावणेदोनला आया धावत बॉयलरपाशी आली. वर बोलावलंय, सिस्टरनं.

त्या खोलीत कुणाच्याच नवऱ्याला घेत नसत. पण हा घरचा माणूस, हॉस्पिटलचा. शिवाय दोन नर्स तपासणीच्या मंडळींना कपाटं उघडून दाखवण्यात गुंतल्या होत्या आणि सिस्टरला हात कमी पडत होते. रोजच्यासारखे हात धुऊन तो आत गेला.

टाचणी टेबलावर होती. केस घामानं कपाळाला चिकटलेले. त्याला बघून म्हणाली, “आला. काटा बघायला आलास का रे?”

मग कळ आली. ती ओरडली नाही. जड पेटी उचलताना माणसाच्या घशातून निघतो तसा आवाज तिच्या घशातून निघाला आणि तिचं सगळं अंग खाली वळलं. ती काही करत नव्हती. तिच्या अंगाला ते आपलं आपणच कळत होतं.

“जोर येतोय, सिस्टर,” कळ ओसरल्यावर ती म्हणाली. “मी नाही लावत. तो येतोय.”

सिस्टरनं बघितलं. “डोकं आलंय,” ती म्हणाली, आणि आयाला पिटाळलं. आया गेली तशी परत आली.

“बाई म्हणाल्या, पाच मिनिटांत येते. तोवर धरून ठेवा म्हणाल्या.”

“तोंडानं धापा टाक,” सिस्टर टाचणीला म्हणाली. “जोर लावू नको, बाई. जरा कळ काढ.”

“अहो, मी कुठं लावतेय!”

सिस्टरनं वर पाटीकडे बघितलं. खरंच बघितलं, त्यानं पाहिलं. मग त्याला म्हणाली, “इकडं ये. तिचे गुडघे जवळ आण आणि दाबून धर. डॉक्टर येईपर्यंत.”

त्यानं धरले.

बाहेरचा कुणी नवरा असता तर त्यानं हॉस्पिटल डोक्यावर घेतलं असतं. माझी बायको मोकळी होतेय, तुम्ही कोण तिला अडवणार, म्हणून आयमाय काढली असती. पण बाहेरचा नवरा त्या खोलीत गेलाच नसता. हा आतला म्हणून आत गेला आणि आतला म्हणूनच त्यानं धरलं. सिस्टरनं सांगितलं, त्यानं केलं. तेव्हा घड्याळात दोनला दहा कमी होती. डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा अडीच वाजले होते. सलाईनचे थेंब सगळा वेळ पडत होते, कारण ते बंद करायलासुद्धा डॉक्टरांनी सांगावं लागे.

त्यानं हात काढले आणि एका कळेत बाळ बाहेर आलं. निळं होतं. थोड्या वेळानं रडलं. सगळ्यांनी सुस्कारा सोडला, डॉक्टरीणबाई “मुलगी” म्हणाल्या, आणि मग रक्त सुरू झालं ते थांबेना. पिशवी दमली, आकसत नाही, असं कुणीतरी म्हणालं. चादरी कमी पडल्या. “तू धुलाईतला ना? खालून चादरी घेऊन ये, लवकर,” असं त्याला सांगितलं. तो पळत गेला. कोरड्या बघून दहा चादरी उचलल्या, मोजल्या, कारण मोजल्याशिवाय चादर धुलाईबाहेर जात नाही. वर आला तेव्हा त्यांची गरज उरली नव्हती.

चौकशीच्या आदल्या दिवशी दुपारी मोठी सिस्टर बॉयलरच्या खोलीत आली. एकतीस वर्षांत ती इथं बहुधा पहिल्यांदाच आली असावी. कुठं उभं राहावं ते तिला कळेना. त्यानं तेलाचा डबा पालथा घालून त्यावर फडकं टाकलं. ती बसली नाही.

“उद्या तुला बोलावलंय ना?”

“हो, सिस्टर.”

“मी माझं सांगून आलेय. मीच धरले म्हणून.”

तो तिच्याकडे बघत राहिला. “तुम्ही कुठं धरले?”

“तुला धर कोण म्हणालं? मीच ना? मग झालं तर. हात कुणाचे याला काय महत्त्व आहे.” तिनं पदरानं मान पुसली. खोलीत उकडत होतं. “तुझ्या घरात पोर आहे. माझ्या घरात एक मांजर आहे, ते माझ्यावाचून जेवतं. तू आत नव्हतासच, असं सांग. आयालाही मी सांगून ठेवलंय.”

मग सव्वीस दिवस घशात अडकलेलं बाहेर आलं. “सिस्टर, तुम्हाला येत होतं ना? बाळ काढायला?”

“म्हणजे?”

“डॉक्टर नसताना.”

सिस्टर म्हणाली, “दोन मिनिटांचं काम होतं. डोकं तर दिसतच होतं. मी फक्त हात लावायचा होता, बाकी सगळं तीच करत होती. हजारो केलीत मी.”

“मग?”

“पाटी होती.” असं म्हणून ती एकदम चिडली. “आणि तू रे? तू तर नवरा होतास. तू का धरलेस?”

“तुम्ही सांगितलंत.”

“वा,” सिस्टर म्हणाली. “काय गुणाची माणसं आपण दोघं.”

वाफेच्या नळ्या ठोकल्यासारख्या वाजत होत्या. त्यानं काटा बघितला, वही ओढून आकडा लिहिला. लिहिता लिहिता, मान वर न करता विचारलं, “सोडली असती तर जगली असती?”

“माहीत नाही.”

“असं कसं?”

“असंच. सरळ मोकळ्या झालेल्या बाईचंही रक्त जातं. कधी चार दिवस अडलेलीचं जात नाही. तुला काय ऐकायचंय, हो का नाही?”

“खरं ऐकायचंय.”

“खरं मला ठाऊक नाही, आणि ते आपल्याला या जन्मात कळायचं नाही. ते घेऊनच बस आता.” दारापाशी जाऊन ती वळली. “उद्या शहाणपणा करू नकोस.”

मंगळवारी अकराला बोलावलेलं, त्याला साडेबाराला आत घेतलं. मोठे साहेब, आणखी दोन साहेब आणि कॉम्प्युटरवर बसलेला कारकून. त्याचा जबाब टाइप करून तयार होता. तो वाचून सही करायची, एवढंच काम होतं. मोठे साहेब मायेनं बोलत होते. धुलाईतल्या माणसाला त्यांनी खुर्ची दिली. खाली खुर्ची आहे हे बघून तो बसला.

जबाबात लिहिलं होतं की प्रसूतीच्या वेळी तो बाहेर बाकावर बसला होता आणि नंतर त्याला समजलं की सिस्टरनं त्याच्या पत्नीचे गुडघे बळजबरीनं दाबून धरले होते.

“मी बाकावर नव्हतो,” तो म्हणाला.

“काय म्हणालात?”

“मी आत होतो. गुडघे मी धरले.”

कारकुनाची बोटं थांबली. मोठ्या साहेबांनी चष्मा काढला. “हे बघा, तुमच्यावर काय प्रसंग आलाय त्याची आम्हाला कल्पना आहे. अशा वेळी माणूस स्वतःला दोष देतो. मला वाटतं—”

“बोटं माझी आहेत, साहेब. मापून घ्या.” त्यानं दोन्ही हात टेबलावर ठेवले. नखांत तेल होतं. दुसऱ्या साहेबांनी आपले कागद थोडे मागं ओढले.

“नियमाप्रमाणे नातेवाइकांना आत परवानगी नसते,” तिसरे साहेब म्हणाले.

“हो. मी नातेवाईक म्हणून नव्हतो गेलो. सिस्टरनी कामाला बोलावलं होतं.”

“हे लिहायचं तर आणखी एक प्रकरण उघडावं लागेल,” मोठे साहेब म्हणाले. “तुम्ही आमचे कर्मचारी. कारवाई तुमच्यावरही होईल. लहान मूल आहे ना घरी? कुणाचं भलं होणार आहे त्यात? सिस्टरनं कबूल केलंय. तुमच्या सासूबाईंचं समाधान होईल. विषय संपेल.”

“डॉक्टरीणबाई कुठं होत्या ते लिहिलंय का यात?”

“त्याचा इथं संबंध नाही.”

“आणि पाटी?”

“कुठली पाटी?”

त्यानं सांगितलं. साहेबांनी एकमेकांकडे बघितलं. ती पाटी काढून आठवडा झाला होता. आता त्या जागी हात धुवा असं लिहिलेलं चित्र होतं, आणि त्याचा फोटो त्यांच्या कागदांत लावलेला होता.

“सही करा,” मोठे साहेब म्हणाले.

आयुष्यात त्याला कुणी सही करा म्हटलं आणि त्यानं केली नाही असं झालं नव्हतं. त्यानं पेन उचललं, टोपण काढलं, पुन्हा लावलं आणि खाली ठेवलं. “हे खोटं आहे, साहेब. मी नाही करत.”

त्याला वाटलं, आता काहीतरी होईल. आरडाओरडा होईल, कागद फाडतील, नवा लिहितील. मोठ्या साहेबांनी कारकुनाला फक्त मान हलवून खूण केली. कारकुनानं टाइप केलं, ‘मनःस्थिती ठीक नसल्याने सही केली नाही.’ मोठे साहेब उठून उभे राहिले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “असू द्या. सही नसली तरी आमचं भागतं.”

घरी पोचेपर्यंत चार वाजले. सासू वाटच बघत होती. बाळ झोपलं होतं.

“बोललात का?”

“बोललो.”

“काय म्हणाले? काढणार ना त्या बयेला?”

“काढतील.”

“देवा,” सासू म्हणाली आणि भिंतीला टेकली. सत्तावीस दिवसांत पहिल्यांदा तिचे खांदे खाली आले. ते बघितलं नसतं तर तो कदाचित गप्प बसला असता. पण कुणाचं तरी वाटोळं झालं म्हणून त्या बाईला बरं वाटत होतं, आणि ते त्याच्या जिवावर वाटत होतं. ते त्याला बघवेना.

“आई, सिस्टरनं नाही धरलं. मी धरलं.”

तिला पहिल्यांदा कळलंच नाही. त्यानं पुन्हा सांगितलं. डॉक्टर यायच्या होत्या, सिस्टर धर म्हणाली, म्हणून धरलं. सगळं सांगायला चार वाक्यं लागली.

सासू उठली. बाळाच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग खाटेच्या कडेला येऊन बसली, लुगडं सावरलं आणि म्हणाली, “दाखव.”

जावयाला ती आजवर तुम्हीच म्हणत आली होती.

“आई—”

“दाखव. कसं धरलंस ते.”

तो खाली बसला. तिच्या हडकुळ्या गुडघ्यांवर दोन्ही बाजूंनी हात ठेवले.

“जोर लाव.”

त्यानं लावला. सासूनं दात आवळून गुडघे बाहेर रेटले. पाच पोरांची आई, पण ते इंचभर हलले नाहीत.

“एवढाच?”

“नाही. जास्त.”

“किती वेळ?”

“चाळीस मिनिटं.”

“हात काढ.” त्यानं काढले. “ती काय म्हणत होती?”

हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. सिस्टर तिथंच होती म्हणून तिला माहीत होतं, तेवढंच. “आधी शिव्या दिल्या. मग म्हणाली, सोड. येतंय ते, अरे सोड.”

“किती वेळा म्हणाली?”

“मोजलं नाही.”

“का? तासातासाला आकडे लिहितोस ना वहीत?”

त्यानं काढलेले हात मांडीखाली दाबले.

“आणि शेवटी? शेवटी काय म्हणाली?”

“शेवटी बोलली नाही. माझ्याकडे बघत होती.”

सासू रडली नाही. उठून तिनं कोपऱ्यातली आपली पिशवी काढली, उघडली, आत बघितलं. त्याला वाटलं, आता हिचं सामान भरायचं सुरू. पण तिनं त्यातून धुतलेलं दुपटं काढलं आणि पिशवी परत जागेवर ठेवली.

“मी जाणार नाही,” ती म्हणाली. “जाऊन करू काय? हिला दर दोन तासांनी दूध लागतं. तिकडं तरी कोण बसलंय माझ्यासाठी. हिला मी इथंच मोठी करीन. तू कामावर जा, ये, जेव. पण हिला हात लावायचा नाही.”

“कधीपर्यंत?” त्यानं विचारलं. ड्यूटी कितीपर्यंत म्हणून विचारावं तसंच ते आलं.

“हिला सोड म्हणता येईपर्यंत. म्हणायला लागली की मग घे. तेव्हा ती म्हणेल आणि तू सोडशील का ते बघेन मी, जगलेवाचले तर.”

त्यानं मान डोलावली.

महिनाअखेरीला सिस्टरला घरी बसवल्याची नोटीस लागली. डॉक्टरीणबाईंचं नाव त्यात कुठंही नव्हतं. धुलाईतल्या लोकांनी बॉयलरवाल्याला चहा पाजला आणि तुझ्या बायकोला न्याय मिळाला, असं म्हणाले. खरं काय ते त्यानं दोघातिघांना सांगून बघितलं. त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. दुःखानं माणूस असं बोलतो, हे आता सगळ्यांना माहीत झालं होतं. एक दिवस तो सिस्टरच्या घरी जाऊन आला. तिनं दार उघडलं, पण आत बोलावलं नाही. “सांगितलं होतं ना, शहाणपणा करू नकोस,” एवढंच म्हणाली.

घरात सासू त्याचं ताट वाढायची, कपडे धुवायची. बोलायची ते कामापुरतं. तो कामावरून आला की बाळाच्या झोळीपासून दोन हात लांब बसायचा आणि बघायचा. पोरगी आता नजर देत होती. तिचं कपाळ आईचं होतं. सासू आडून बघायची, तो हात पुढं करतो का ते. त्यानं एकदाही केला नाही.

बाळाला अडीच महिने झाले असतील. दुपारी सासू किराणा आणायला खाली गेली. दुकानात गर्दी होती, पाऊण तास लागला. जिना चढतानाच तिला पोरीचं रडणं ऐकू आलं. साधं रडणं नव्हतं. रडून रडून घसा बसलेलं, मध्येच श्वास अडकणारं. ती पिशव्या पायरीवर टाकून तशीच वर धावली.

पोरगी झोळीत लालबुंद झाली होती. दुपट्याची एक बाजू निसटून तिच्या गळ्याशी गोळा झाली होती. गळा आवळला नव्हता, पण ती मान हलवून हलवून दमली होती. बॉयलरवाला झोळीशेजारी उभा होता. हात पाठीमागं, एकात एक घट्ट धरलेले. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

सासूनं एका झटक्यात दुपटं काढलं आणि पोरीला खांद्याला लावलं.

“कधीपासून रडतेय?”

“तुम्ही गेल्यापासून.”

“आणि तू नुसता उभा?”

“तुम्हीच म्हणालात, आई,” तो म्हणाला. “हात लावायचा नाही.”

पोरगी तिच्या खांद्यावर उसासे टाकत होती. सासू त्याच्याकडे बघत राहिली. चौकशीच्या दिवशी बघितलं नव्हतं, अंगावरची बोटं मोजली तेव्हा बघितलं नव्हतं, तसं बघत राहिली.

“हो,” ती म्हणाली. “मीच म्हणाले होते.”

आणि पोरीला घेऊन ती आतल्या खोलीत गेली. तो तसाच उभा राहिला. बस असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं.